चाकूच्या बुंध्यावरील आकडा

जुना मिटता चाकू हाती येतो, त्याचे पाते नखाने उघडले जाते, आणि पात्याच्या बुंध्याशी, म्हणजे जेथे धार संपून पाते मुठीत शिरते त्या करंगळीच्या नखाएवढ्या सपाट जागी, एखादा आकडा ठशाने उमटविलेला दिसतो. तेव्हा पाहणाऱ्याच्या मनात पहिला विचार येतो तो हाच की, या चाकूचे जन्मवर्ष आता आपल्या हाती लागले. हा विचार स्वाभाविक असला तरी अर्धाच खरा आहे. अनुक्रमांक स्वतःच्या बळावर काहीच सांगत नाही. कचेरीतून निघालेल्या पत्रावरील जावक क्रमांक ज्याप्रमाणे बारनिशीचे बुक उघडल्यावाचून निरर्थक असतो, त्याप्रमाणे चाकूवरील आकडाही ज्या दफ्तरात तो प्रथम नोंदला गेला ते दफ्तर, किंवा त्या दफ्तरावरून कोणीतरी परिश्रमपूर्वक तयार केलेले कोष्टक, समोर असल्याशिवाय बोलत नाही. म्हणून चाकूचे वय ठरविणाऱ्याने पहिला प्रश्न विचारावयाचा तो आकडा किती हा नव्हे, तर तो कोणी घातला व कोठे लिहून ठेवला हा होय.

बुलढाणा जिल्ह्यासारख्या कापूस-ज्वारीच्या मुलखात हा विषय निघण्याचे कारण काय, असे कोणास वाटेल. परंतु विलायती चाकू या मुलखात येण्यास सबळ कारणे होती. मोडी लेखन बोरूने होत असे, बोरूचा कत लिहिता लिहिता बोथट झाला की तो पुनः तासावा लागे, आणि या नाजूक कामासाठी पातळ पात्याचा, हाताच्या मुठीत सहज मावणारा चाकू प्रत्येक लेखनिकाच्या कलमदानाशेजारी असे. दफ्तरी भाषेत त्यास कलमतराश म्हणत. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे आला, कचेऱ्या वाढल्या, कागद वाढला आणि अर्थातच कलमेही वाढली. पुढे मुंबईहून निघालेला लोहमार्ग मलकापूर, नांदुरा, शेगाव या गावांवरून १८६७ पर्यंत नागपुरास पोहोचला, आणि जलंबहून खामगावास जाणारा फाटा १८७० च्या मार्च महिन्यात गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो यांच्या हस्ते खुला झाला. खामगाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होते. बुलढाण्यात ते १९०५ च्या फेररचनेत आले. या मार्गाने कापसाच्या गाठी मुंबईच्या बंदराकडे गेल्या आणि त्याच मार्गाने विलायती कापड, दिवे, कुलुपे, कात्र्या व चाकू वऱ्हाडच्या पेठांत येऊन पोहोचले. जुन्या वाड्यांतील फडताळांत, वकिलांच्या व सावकारांच्या बैठकीतील मेजांच्या खणांत, गंजलेल्या किल्ल्या व फुटक्या चष्म्यांच्या संगतीत असे चाकू पडून राहिलेले असतात, आणि त्यांच्याविषयी घरात सांगितले जाते ते एवढेच की हा आजोबांचा आहे.

या चाकूंपैकी चांगल्या प्रतीचे बहुतेक इंग्लंडातील शेफील्ड नगरीचे. शेफील्डच्या चाकूकारांचा संघ १६२४ साली पार्लमेंटच्या कायद्याने स्थापन झाला, आणि प्रत्येक कारागिराने आपल्या मालावर घालावयाची खूण या संघाच्या दफ्तरात नोंदवून घ्यावी, दुसऱ्याची खूण वापरू नये, असा शिरस्ता तेथे पडला. हिंदुस्थानात ज्याचे नाव अधिक झाले ते जोसेफ रॉजर्स यांचे घराणे. चांदणी आणि माल्टा बेटाचा अष्टकोनी क्रूस ही त्यांची जोडखूण १७६४ साली संघाने त्यांच्या नावे मान्य केलेली आहे. १८२२ साली या घराण्यास इंग्लंडचा राजा चौथा जॉर्ज याच्याकडून राजघराण्याचे चाकूकार म्हणून मान मिळाला, आणि तेव्हापासून त्यांच्या पात्यांवर राजमुकुट व त्याच्या दोहो बाजूंस राज्यकर्त्याच्या नावाची अक्षरे दिसू लागली. त्याच सुमारास त्यांनी ख्रिस्ती शकाच्या प्रत्येक वर्षास एक या हिशेबाने पाती बसविलेला एक प्रचंड प्रदर्शनीय चाकू तयार केला होता. आपल्या कलेविषयी एवढा अभिमान बाळगणाऱ्या कारागिरांनी साध्या खिशातल्या चाकूवर मात्र क्रमांक घातला नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. चाकू डझनांनी आणि ग्रोसांनी विकला जात होता. बंदुकीप्रमाणे किंवा घड्याळाप्रमाणे एकेका नगाची नोंद ठेवण्याचे त्यात प्रयोजन नव्हते. शेफील्डच्या जुन्या चाकूवर आकडा दिसला तर तो बहुधा त्या नगाचा नसून दुसऱ्याच कशाचा असतो, आणि हा दुसरा प्रकार पुढे येईल. त्यापूर्वी ठशाची अक्षरे कशी वाचावयाची ते पाहिले पाहिजे.

समजा, मेहकर किंवा देऊळगाव राजा येथील एखाद्या घरात दोन पात्यांचा असा कलमतराश निघाला. मोठे पाते उघडून बुंधा खिडकीच्या उजेडात तिरका धरावा. प्रकाश समोरून पडला तर झिजलेली अक्षरे दिसत नाहीत, बाजूने पडला तर त्यांच्या कडांची सावली उमटते आणि पुसट ठसाही वर येतो. भिंगातून प्रथम मुकुट दिसेल. त्याच्या डावीकडे व्ही आणि उजवीकडे आर ही अक्षरे असली तर चाकू व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीतला, म्हणजे १८३७ ते १९०१ या दीर्घ काळातला. व्हीच्या जागी डब्ल्यू असेल तर चौथा विल्यम, १८३० ते १८३७. ई असेल तर सातवा एडवर्ड, १९०१ ते १९१०. खरी अडचण जी या अक्षराची आहे. चौथा जॉर्ज १८२० ते १८३० या काळात, पाचवा जॉर्ज १९१० ते १९३६ या काळात आणि सहावा जॉर्ज १९३६ ते १९५२ या काळात राज्यावर होते, आणि तिघांचीही अक्षरे तीच. तेव्हा ज्यास जी-आर दिसले त्याने एकदम शंभर वर्षे मागे धाव घेऊ नये. आता खालच्या ओळीकडे वळावे. त्या ओळीत उत्पादकाचे नाव, क्वचित रस्त्याचे नाव व घरक्रमांक (रॉजर्स यांचा पत्ता नॉर्फोक स्ट्रीट, क्रमांक ६ असा होता, हा ६ म्हणजे काही चाकूचा क्रमांक नव्हे), आणि राजघराण्याचा उल्लेख असेल तर तो राणीसाहेबांचे चाकूकार असा आहे की राजेसाहेबांचे, हेही वाचून ठेवावे. मग छोटे पाते उघडून त्याच्याही बुंध्यावरील ठसा पाहावा. दोन्ही ठसे एका जातीचे, एका खोलीचे आणि एका झिजेचे असतील तर ती पाती जन्मापासून एकत्र आहेत असे मानण्यास हरकत नाही. एकावर ठसा ठळक आणि दुसऱ्यावर काहीच नसेल, तर मधल्या काळात कोणीतरी पाते बदलून घेतले असण्याचा संभव आहे, आणि तसे असेल तर त्या चाकूला दोन वये आहेत.

राज्यकर्त्याच्या अक्षरांवरून काढलेला काळ तरी निश्चित मानावा काय? येथे वऱ्हाडातील प्रत्येक घरास परिचित असलेल्या एका वस्तूचा दाखला उपयोगी पडेल. राणीछाप रुपयावर १८६२ हे साल असते. परंतु हे साल घातलेले रुपये १८६२ नंतरही दहा-अकरा वर्षे टांकसाळीतून पडत राहिले, आणि साल बदलले ते १८७४ पासून. त्यापूर्वी कंपनी सरकारच्या १८४० सालच्या रुपयाचीही हीच स्थिती होती. ते साल तर वीस वर्षांहून अधिक काळ ठशावर स्थिर राहिले. मुंबईच्या टांकसाळीने १८६२ च्या रुपयांवर बारीक ठिपके घातलेले आढळतात, आणि नाण्यांचे अभ्यासक त्या ठिपक्यांवरून प्रत्यक्ष वर्षाचा अंदाज करतात. सरकारी नाण्यावरील स्पष्ट आकड्याचा अर्थ जर याप्रमाणे ‘या वर्षानंतरचे’ एवढाच निघत असेल, तर खाजगी कारखानदाराच्या ठशाकडून अधिक काटेकोरपणाची अपेक्षा कशी करावी? पोलादाचा ठसा महाग असतो, तो झिजेपर्यंत वापरला जातो, आणि राणी दिवंगत झाल्याच्या दुसऱ्या दिवशी कारखान्यातील सर्व ठसे मोडीत निघतात असे नाही. माझ्या मते चाकूच्या वयाचा विचार करणाऱ्याने ही एक सवय प्रथम लावून घ्यावी: प्रत्येक खुणेपुढे ‘यापूर्वीचा नव्हे’ असे लिहावे, आणि ‘यानंतरचा नव्हे’ असे लिहिण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

या दृष्टीने देशाचे नाव ही फार उपयुक्त खूण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीतील झोलिंगेन येथील माल शेफील्डचे नाव घालून विकला जातो अशी इंग्रज कारखानदारांची तक्रार होती, आणि तीतून १८८७ चा व्यापारी चिन्हांविषयीचा कायदा इंग्लंडात झाला. त्याच धर्तीचा कायदा हिंदुस्थानात १८८९ साली झाला. अमेरिकेने १८९० च्या जकात कायद्याने परदेशी मालावर उत्पत्तीच्या देशाचे नाव असलेच पाहिजे असे ठरविले, व पुढील वर्षापासून त्याचा अंमल सुरू झाला. याचा परिणाम असा की नावाखाली केवळ ‘शेफील्ड’ असलेला चाकू या कायद्यांपूर्वीचा असण्याचा संभव अधिक, आणि ‘शेफील्ड, इंग्लंड’ असलेला नंतरचा असण्याचा संभव अधिक. संभव म्हणतो, नियम म्हणत नाही. ‘जर्मनी’ हे नाव असलेल्या चाकूंसंबंधीही हेच; आणि रॉजर्स या नावातील एखादे अक्षर गाळून किंवा बदलून बाजारात आणलेले चाकू तर इतके आहेत की नावाचे अक्षर न् अक्षर कागदावर उतरवून घेतल्यावाचून पुढे जाऊच नये.

आता आकड्याकडे येतो. शेफील्डच्या चाकूवर, विशेषतः मुठीच्या धातूच्या भागावर, काही वेळा इंग्रजी आर-डी या अक्षरांनंतर चार, पाच किंवा सहा अंकांची संख्या असते. ही त्या चाकूची संख्या नव्हे; ती त्या आकृतीच्या नोंदणीची संख्या आहे. कोणी नवा घाट, नवी मूठ किंवा नवी रचना तयार केली आणि ती दुसऱ्याने उचलू नये म्हणून लंडनच्या सरकारी दफ्तरात दाखल केली, की तिला क्रमांक मिळे. हा क्रम १८८४ च्या जानेवारीत एकपासून सुरू झाला, आणि कापडापासून किटलीपर्यंत सर्व प्रकारच्या मालास तो एकच क्रम लागू होता. पहिल्या वर्षाअखेर तो सुमारे २० हजारांपर्यंत गेला; १८९० च्या प्रारंभी तो १ लाख ४१ हजारांच्या घरात, १९०० च्या प्रारंभी ३ लाख ५१ हजारांच्या घरात, १९१० मध्ये साडेपाच लाखांच्या आसपास आणि १९३० मध्ये साडेसात लाखांच्या आसपास पोहोचला होता. मूळ दफ्तर ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात असून वर्षनिहाय कोष्टके छापील स्वरूपात सर्वत्र मिळतात. तेव्हा एखाद्या चाकूवर २ लाख ५० हजार ही संख्या दिसली, तर ती आकृती १८९५ साली नोंदली गेली हे निर्विवाद. यावरून चाकू १८९५ चा ठरतो काय? ठरत नाही. चाकू १८९५ च्या पूर्वीचा नव्हे, एवढेच ठरते. आकृतीचे संरक्षण प्रारंभी पाच वर्षांचे होते. ज्याने त्यासाठी शुल्क भरले तो आपला क्रमांक मुदतभर मिरविणार हे उघड आहे, आणि मुदत संपल्यानंतरही लोकप्रिय झालेल्या घाटावर तोच क्रमांक चालू ठेवण्यास त्यास कोणी आडकाठी करीत नव्हते. पाच-दहा वर्षांचा हा पल्ला मनात धरूनच त्या संख्येचा उपयोग करावा.

१८८४ पूर्वी, १८४२ पासून, याच नोंदणीची खूण आकड्याऐवजी चौकटाच्या आकाराची होती. चौकटाच्या माथ्यावर लहान वर्तुळ, त्यात मालाचा वर्ग (धातूच्या वस्तूंचा वर्ग पहिला), आणि चौकटाच्या चार कोपऱ्यांत वर्ष, महिना, दिवस व गठ्ठ्याचा क्रमांक, अशी ही कोडी. वर्षांची अक्षरे वर्णानुक्रमाने नव्हती. १८४२ साठी एक्स, १८४३ साठी एच, १८४४ साठी सी, असा मुद्दाम विस्कटलेला क्रम होता, आणि सव्वीस वर्षांत अक्षरे संपल्यावर १८६८ मध्ये पुनः एक्सपासूनच आरंभ झाला. मग १८४२ चा एक्स आणि १८६८ चा एक्स यांतील भेद कसा कळावा? दफ्तरदारांनी त्याची तजवीज केली होती: पहिल्या कालखंडात वर्षाचे अक्षर चौकटाच्या वरच्या कोपऱ्यात होते, दुसऱ्यात ते उजव्या कोपऱ्यात गेले आणि वर दिवसाचा अंक आला. सव्वीस वर्षांचा फरक केवळ एका अक्षराच्या स्थानावरून ठरतो. सरकारी दफ्तराच्या शिस्तीविषयी आदर वाटावा अशी ही योजना आहे, आणि खरे सांगावयाचे तर मला ती पाहून जितका आनंद होतो तितका मुठीवरील हस्तिदंत पाहून होत नाही.

पेटंटचा क्रमांक हा आणखी एक आकडा. ब्रिटनमध्ये १९१५ अखेरपर्यंत दर वर्षी पेटंटची गणना एकपासून नव्याने होई, म्हणून त्या काळातील पेटंट क्रमांक वर्षाचा उल्लेख नसेल तर जवळजवळ निरुपयोगी. १९१६ पासून १,००,००१ या संख्येने अखंड क्रम सुरू झाला. जर्मन चाकूंवर डी-आर-जी-एम ही चार अक्षरे दिसतात, ती तेथील उपयुक्त नमुन्यांच्या नोंदणीची, आणि ती नोंदणी १८९१ पासूनची. त्या अक्षरांचा चाकू त्यापूर्वीचा असू शकत नाही.

वर्ष ओळखता यावे या हेतूनेच घातलेल्या खुणा विसाव्या शतकात आल्या. दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश सैन्याच्या मिटत्या चाकूंवर उत्पादकाचे नाव, सरकारी मालमत्तेचा बाण आणि वर्ष सरळ अंकांत असते. युद्ध संपल्यावर डिस्पोजलच्या मालातून असे चाकू बाजारात आले, आणि त्यांच्या वयाविषयी वादच उरत नाही. स्विस सैनिकांच्या चाकूच्या पात्यावर वर्षाचे शेवटचे दोन अंक असतात. अमेरिकेतील केस या कारखान्याने १९७० मध्ये नावाखाली दहा ठिपके घातले आणि दर वर्षी एक ठिपका कमी केला, त्यामुळे १९७९ च्या चाकूवर एकच ठिपका उरला. राणीछाप रुपयावरील ठिपक्यांची आठवण व्हावी अशी ही रीत, फक्त येथे तिचा अर्थ कारखान्यानेच जाहीर केलेला आहे. त्याच देशातील बक कारखान्याने १९८६ पासून नमुन्याच्या क्रमांकाशेजारी वर्षदर्शक चिन्ह घालण्यास प्रारंभ केला. खऱ्या अर्थाने क्रमांकावरून वय सांगता येते ते झोलिंगेनच्या प्यूमा कारखान्याच्या चाकूंचे: १७६९ साली स्थापन झालेल्या या कारखान्याने १९६४ पासून आपल्या उत्तम चाकूंच्या मुठीवरील धातूच्या भागावर तपासणीचा क्रमांक घालण्यास सुरुवात केली, आणि कारखान्याने प्रसिद्ध केलेल्या कोष्टकाशी तो ताडून पाहिला की वर्ष निघते. येथे आकडाही आहे, दफ्तरही आहे, आणि दोहोंचा मेळही आहे.

पण प्रत्येक आकडा असा सज्जन नसतो. फ्रान्सच्या सावोय प्रांतातील ओपिनेल चाकूच्या पात्यावर ८ हा अंक पाहून कोणी १९०८ म्हणेल, तर ती चूक होईल. तो मापाचा अंक आहे, आणि १८९७ साली या चाकूची एक ते बारा अशी बारा मापे ठरविण्यात आली होती. त्या चाकूचे वय पाहावयाचे तर मुठीच्या तोंडाशी पाते घट्ट करणारे फिरते कडे आहे की नाही ते पाहावे; ते १९५५ नंतर आले. केसच्या चाकूवर ६२५४ अशी संख्या असेल तर पहिला अंक मुठीच्या पदार्थाचा, दुसरा पात्यांच्या संख्येचा आणि उरलेले दोन नमुन्याचे. तीत वर्ष कोठेच नाही.

आकडा नसेल, ठसा झिजला असेल, तर पदार्थ साक्ष देतात. पात्यावर ‘स्टेनलेस’ हा शब्द असला की प्रश्न बराच सुटतो, कारण न गंजणारे पोलाद हॅरी ब्रिअर्ली याने शेफील्डमध्येच १९१३ साली तयार केले आणि चाकूंत ते सरसकट आले ते पहिल्या महायुद्धानंतर. म्हणूनच जी-आर या अक्षरांचा जो पेच वर सांगितला तो स्टेनलेस या एका शब्दाने मिटतो. चौथ्या जॉर्जच्या काळी ते पोलाद कोणाच्या स्वप्नातही नव्हते. मुठीवर हस्तिदंतासारखा पिवळसर, परंतु रेषा अगदी समांतर व एकसारख्या असलेला पदार्थ दिसला तर तो सेल्युलॉइड असण्याचा दाट संभव. हा पदार्थ १८७० च्या सुमारास निघाला, आणि जुना झाला की त्यातून आम्लयुक्त वाफा सुटून शेजारचे पातेही गंजते, म्हणून अशा चाकूस इतरांपासून वेगळे ठेवावे. सांबराच्या शिंगाची मूठ मात्र आपल्याच देशाची देणगी आहे. सातपुड्याच्या रानात आजही ज्याचा वावर आहे त्या सांबराचे शिंग हिंदुस्थानातून शेफील्डला जाई, तेथे पात्यास जोडले जाई, आणि चाकू होऊन पुनः हिंदुस्थानच्या बाजारात येई. कोरलेल्या हाडाची मूठ शिंगासारखीच भासते. हाडावरील खाचा यंत्राच्या किंवा हाताच्या समान अंतराच्या असतात, शिंगाचे खवले निसर्गतः अनियमित असतात, आणि बोट फिरविताच हा भेद कळतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये हस्तिदंत व शिंग यांच्या व्यवहारावर कडक निर्बंध आहेत; घरातील वारसा जपणे निराळे आणि असा चाकू विक्रीस काढणे निराळे, हे ध्यानात असावे.

चाकूचे वय ठरविण्यापूर्वी तो लखलखीत करण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळला पाहिजे. पॉलिश कागदाने बुंधा घासणे म्हणजे साक्षीदाराची जीभ कापणे होय. ठशाची खोली कित्येकदा केसाएवढीही नसते आणि दोन-चार फेऱ्यांत ती कायमची जाते. मऊ कापडावर मशीनच्या तेलाचे थेंब घ्यावेत, गंज त्यात भिजू द्यावा, आणि वरवरची माती तेवढी पुसून घ्यावी; नंतर बुंध्यावर पातळ कागद धरून त्यावरून मऊ शिसपेन्सिल आडवी फिरविली की ठसा कागदावर उतरतो, व पुष्कळदा डोळ्यांस न दिसलेले अक्षर तेथे दिसते. पात्याची झीजही मोजावी. मिटलेल्या चाकूत पात्याचे टोक मुठीच्या खाचेत किती आत बुडाले आहे, धार किती आत ओढली गेली आहे, यावरून तो किती वर्षे दगडावर घासला गेला याची कल्पना येते. परंतु रोज बोरू तासणाऱ्या लेखनिकाचा चाकू वीस वर्षांत जितका झिजतो तितका खणात पडलेला चाकू शंभर वर्षांतही झिजत नाही, तेव्हा झीज ही श्रमाची साक्ष आहे, वयाची नव्हे.

दोन साक्षी परस्परांविरुद्ध जातात तेव्हा काय करावे? याचे उदाहरण शोधण्यास जिल्ह्याबाहेर जाण्याचे कारण नाही. लोणारचे विवर उल्काघाताने केव्हा झाले, हे ठरविताना काचमय खड्यांतील साठलेल्या प्रकाशऊर्जेच्या मोजणीवरून सुमारे ५२ हजार वर्षे असे उत्तर पूर्वी आले, आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, आर्गॉन या वायूच्या समस्थानिकांवर आधारलेल्या मोजणीने ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे असे सांगितले. एकच खडक, एकच घटना, आणि उत्तरांत दहापटींहून अधिक अंतर. यात कोणी लबाडी केलेली नाही. एका पद्धतीचे घड्याळ मधल्या काळातील उष्णतेने वा अन्य कारणाने पुनः शून्यापासून सुरू होऊ शकते, दुसरीत जुन्या बेसॉल्ट खडकातील वायूचा अंश मागे राहून वय फुगू शकते, आणि संशोधकास प्रत्येक घड्याळ कोणत्या क्षणापासून चालू झाले याचाच शोध घ्यावा लागतो. चाकूतही असेच असते. आकृतीच्या क्रमांकाचे घड्याळ नोंदणीच्या दिवशी चालू होते, राजमुकुटाचे राज्यारोहणाच्या दिवशी, स्टेनलेस शब्दाचे १९१३ साली, आणि बदललेल्या पात्याचे दुरुस्तीच्या दिवशी. यांपैकी सर्वांत उशिरा चालू झालेले घड्याळ चाकूची ‘यापूर्वीचा नव्हे’ ही मर्यादा पक्की करते. बाकीची खोटी ठरत नाहीत, ती केवळ निराळ्या प्रश्नाची उत्तरे देत असतात. म्हणून मघाच्या त्या कलमतराशाविषयी, व्ही-आर ही अक्षरे, खाली केवळ शेफील्ड, देशाचे नाव नाही, दोन्ही पाती मूळची, एवढा पुरावा हाती असता, प्रामाणिक नोंद अशी होईल: १८३७ नंतरचा; बहुधा १८९० पूर्वीचा. त्यास १८६५ सालचा म्हणून मोकळे होणाऱ्या विक्रेत्यापेक्षा हे दोन आकडे लिहून ठेवणारा मनुष्य चाकूशी अधिक इमानाने वागतो, असे मी म्हणेन.

शेफील्डच्या मालाविषयी इतके लिहिल्यावर या जिल्ह्याच्या स्वतःच्या पोलादाचा उल्लेख राहून गेला तर ते योग्य होणार नाही. बुलढाण्यानजीक पैनगंगेच्या काठी असलेल्या देऊळघाट येथे उत्तम प्रतीचे पोलाद घडविले जात असे, अशी नोंद ब्रिटिश अमदानीतील गॅझेटियरांत आहे. त्या पोलादावर ना मुकुट, ना चांदणी, ना क्रमांक. लोहाराचे दफ्तर त्याच्या हातात होते आणि गिऱ्हाईक त्याच्या हाताची ओळख ठेवून होते. संघाच्या वहीत खूण नोंदविण्याची त्यास गरज पडली नाही. परिणाम असा की शंभर-दीडशे वर्षांनंतर शेफील्डच्या एखाद्या सामान्य चाकूचे वय आपण काही दशकांच्या टप्प्यात सांगू शकतो आणि देऊळघाटच्या चाकूचे, विळ्याचे किंवा अडकित्त्याचे सांगू शकत नाही. तथापि काही वाटा अद्याप मोकळ्या आहेत. हाताने घडविलेल्या पात्यावर हातोड्याचे ठोके भिंगाखाली दिसतात, गिरणीतून लाटून आलेल्या पट्टीच्या पात्यावर ते दिसत नाहीत. खिळे हाताने ठोकून गोल केलेले आहेत की कारखान्यातील तयार आहेत हे सांगता येते. पोलादाचा तुकडा प्रयोगशाळेत तपासला तर मँगेनीजच्या प्रमाणावरून ते जुन्या देशी भट्टीचे आहे की एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतरच्या यांत्रिक भट्टीचे, याचा अंदाज बांधता येतो. आणि सर्वांत सोपी वाट माणसांची आहे: ज्या घरात अशी वस्तू आहे तेथील वृद्धांना ती कोणी, कोणत्या गावाहून, कोणाच्या लग्नात किंवा कोणत्या दुष्काळाच्या अगोदर आणली हे विचारावे, सांगणाऱ्याचे नाव, त्याचे वय आणि विचारल्याची तारीख यांसह ते कागदावर लिहावे, पेन्सिलीने घेतलेला बुंध्याचा उतारा त्यास जोडावा, आणि तो कागद चाकूबरोबरच, परंतु तेलाचा डाग लागणार नाही अशा निराळ्या पाकिटात, ठेवून द्यावा.